टँकबंडवरची पांढरी साडी

बाबांना काय झालं होतं ते बाबा सोडून सगळ्यांना माहीत होतं. आईला माहीत होतं, मामाला माहीत होतं, शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या बायकोलासुद्धा माहीत होतं. मला तर सगळ्यांच्या आधी कळलं, कारण डॉक्टर वॉर्डाबाहेर तेलगूत बोलले आणि आमच्यात ते भरभर तेलगू नीट कळणारी मीच होते. ऑपरेशनचा आता उपयोग नाही, गाठ खाली उतरली आहे, ठेवायचं तर ठेवा, न्यायचं तर न्या, असं ते चालता चालता म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. मी ते मराठीत करून मामाला सांगितलं. मामाने ऐकून घेतलं आणि पहिलं काम काय केलं, तर माझ्या तोंडाला कुलूप लावलं.

"भाऊजीले काही सांगाचं नाई," तो म्हणाला. "हिंमत सोडतीन ते. इथं मशिनी हायेत, डॉक्टर हायेत. ठेवू इथंच."

मामा उटनूरला आदिवासी कल्याणाच्या कचेरीत कारकून होता. हैदराबादला कामासाठी अनेकदा येऊन गेलेला, म्हणून दवाखान्याचा सगळा कारभार त्याच्याकडे. माणूस वाईट नव्हता. पण कचेरीत उभा जन्म गेलेल्या माणसाला एक सवय लागते, कागदावर शेरा पडला नाही तोवर काही बिघडत नाही असं त्याला वाटत असतं. बाबांचं दुखणंही त्याने तसंच पेंडिंग ठेवलं होतं.

बाबा तामसीकडच्या, सीमेलगतच्या एका गावात मराठी शाळेचे मुख्याध्यापक. आजूबाजूला सगळ्या शाळा तेलगू होत चाललेल्या, आणि हे आपले मराठीची पुस्तकं आली नाहीत म्हणून अर्ज करत बसायचे. त्यांचा आवाज असा होता की पटांगणात पाढे म्हणायला लागले की रस्त्यावरची बस हळू व्हायची, असं गावात गमतीने म्हणत. त्याच घशाने दगा दिला. गावातले लोक म्हणाले, खडूची धूळ. आम्हीही बरेच दिवस खडूचीच धूळ म्हणत राहिलो. हैदराबादच्या सरकारी दवाखान्यात आणलं तेव्हा श्वास अडकायला लागला होता. मग गळ्याला भोक पाडून नळी बसवली आणि आवाज गेला तो गेलाच.

तेव्हापासून त्यांच्याजवळ पाटी असायची. शाळेतलीच, लाकडी चौकटीची. त्यांनी ती घरून निघतानाच पिशवीत घालून घेतली होती, जणू त्यांना माहीत होतं. पाटीवर ते लिहायचे आणि आई वाचायची. आईला अक्षरं त्यांनीच लग्नानंतर शिकवलेली, त्यामुळे ती एकेक अक्षर बोट ठेवून वाचायची आणि ते वाट बघायचे. कधी मुद्दाम जोडाक्षर घालायचे. ती अडली की हसायचे, म्हणजे नळीतून शीळ वाजायची.

आल्या-गेल्या प्रत्येकाला ते एकच लिहून दाखवायचे. 'मला काय झालंय?'

मामा म्हणायचा, सूज आहे. भेटायला आलेले मास्तर लोक म्हणायचे, इन्फेक्शन. मी म्हणायचे, डॉक्टर सांगतील.  आई तांब्या उचलून पाणी भरायला निघून जायची, मग तांब्या भरलेला का असेना. बाबा ती पाटी तळहाताने पुसायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. तीस वर्षं पोरांची खोटी कारणं ऐकलेला माणूस तो. आमचं खोटं त्यांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही, पण खरं सांगा म्हणून कोणाच्या गळ्यात पडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मला त्या दिवसांत मामाचा इतका राग यायचा की त्याने आणलेला डबा खाणंही जिवावर यायचं.

माघातली पौर्णिमा आली. आमच्याकडे पौर्णिमेला बायका पांढरी साडी नेसतात आणि विहारात वंदनेला जातात. पांढरा आमचा चांगल्या दिवसाचा रंग. लग्नात, नामकरणात, पौर्णिमेला आम्ही पांढरंच काढतो, आणि लहानपणापासून तेच पाहिल्यामुळे त्याचा दुसरा काही अर्थ असतो हे डोक्यातही येत नाही. आईने हैदराबादला येताना पिशवीच्या तळाशी आपली पांढरी, निळ्या काठाची साडी आणि दोन मेणबत्त्या ठेवल्या होत्या. दवाखान्यात चालले आहे हे तिला कळत होतं, पण ज्या गावात बुद्ध उभा आहे त्या गावात चालले आहे हेही ती विसरली नव्हती.

त्या सकाळी बाबांनी पाटीवर लिहिलं, 'पौर्णिमा आहे. दोघी जाऊन या.'

"कुठी?" आईने विचारलं.

'टँकबंड.'

बाबा एकदा तिथे, हुसेनसागर तलावाच्या बांधावर, जाऊन आले होते. मराठी शाळांच्या पुस्तकांचं निवेदन द्यायला मास्तरांची टोळी राजधानीत आली होती, तेव्हा. त्या वेळी बुद्धाची मूर्ती तलावाच्या तळाशी होती. मधल्या खडकावर उभी करायला नेताना ती पाण्यात गेली होती, सोबत माणसंही गेली होती. बाबा बंडाच्या कठड्याला टेकून नुसतं पाणी बघून परत आले. शाळेत पोरांनी विचारलं, गुरुजी, आतमंदी तो श्वास कसा घेत असन? बाबा म्हणाले, दगड हाय रे तो. पण घरी येऊन आईला म्हणाले, मी उभा होतो तिथून थोड्या अंतरावर तो झोपलेला असन. पुढे त्याला वर काढलं, उभं केलं, पेपरात फोटो आला. बाबांनी तो कापून शाळेत लावला. आईला म्हणाले, आता जाऊ. ते 'आता' कधी आलंच नाही.

आई तयार होईना. तुम्हाला सोडून कशी जाऊ, म्हणाली. बाबांनी पुन्हा पाटी ओढली आणि या वेळी बराच वेळ लिहिलं. आईने बोट ठेवून वाचलं. 'बरेच दिवस पाण्यात होता. नीट बघ. डाग राहिला का ते मला येऊन सांग.'

तिने वाचून झाल्यावर त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते, माझ्याकडे नाही आणि मामाकडे तर नाहीच. मग ती उठली आणि पिशवीतून साडी काढून न्हाणीकडे गेली.

ती परत आली तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या बायकोने तोंड दुसरीकडे फिरवलं. मला तेव्हा काही वाटलं नाही. आईचे हात मोकळे होते, कारण बाबांना उचलताना काचेच्या बांगड्या त्यांना ओरखडायच्या, म्हणून तिने त्या पहिल्याच दिवशी उतरवल्या होत्या. कुंकू ती विहारात जायला लागल्यापासून लावत नव्हती. निघताना मामा म्हणाला, "बाई, गयातलं काढून ठेव. बंडावर वढून नेतेत लोक." तिने काळी पोत काढून पदराच्या टोकाला गाठ मारली. बाबा खाटेवरून बघत होते. पांढऱ्या साडीतली आई त्यांना आवडायची. त्यांनी हात वर करून, जा, अशी खूण केली.

बसमधून उतरलो तो आधी वास आला. आईने नाकाला पदर लावला. "हाच काय वं सागर?" तिने विचारलं. हुसेनसागर, हुसेनसागर असं बाबांच्या तोंडून ऐकून तिला समुद्रासारखं काही वाटलं असावं. समुद्र तिने पाहिला नव्हता, मीही नव्हता. आमच्या लेखी मोठं पाणी म्हणजे पैनगंगेचा पूर. हे पाणी पुरासारखं धावत नव्हतं, हिरवट होऊन पडलं होतं आणि काठाला फेस धरला होता. कधीतरी विसर्जन केलेल्या मूर्तींचे बांबूचे सांगाडे कडेला अडकले होते. त्याच्या वरच्या रस्त्यावर लोक मजेत फिरत होते, मिरची भजी खात होते, फोटो काढून घेत होते. मधोमध, लांब, पाण्यातून वर आलेला तो दिसत होता. आईने तिथूनच हात जोडले.

बंडावरून चालत आम्ही मूर्तीकडे बोटी सुटतात त्या बागेपाशी आलो. फाटकाबाहेर एक फूलवाली नुकतीच टोपली उतरवून बसत होती. पांढरी शेवंती होती. आईने वाकून टोपलीत हात घातला, तसा त्या बाईने टोपलीला हिसका देऊन ती स्वतःकडे ओढली. मग माझ्याकडे बघून तेलगूत म्हणाली, तू घे, हिला हात लावू देऊ नको, माझी अजून बोणी व्हायची आहे.

बोणी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, हा शब्द आमच्याकडेही आहे. बाकी काही कळलं नाही तरी तेवढं आईला कळलं असणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कॉलेजात शिकलेल्या तेलगूत मी तिला सुनावलं, की माझे वडील जिवंत आहेत, आणि तुझ्या तोंडाला काही लगाम आहे की नाही. तिने आईचा गळा पाहिला, हात पाहिले, कपाळ पाहिलं. मग माझ्याकडे असं पाहिलं, की या पोरीला अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही. "पापम," म्हणाली, म्हणजे बिचारी, आणि फुलं कागदात बांधून माझ्या हातात दिली.

"काय म्हने ते?" आईने विचारलं.

"फुलं शिळी आहेत म्हणे," मी म्हणाले.

 मी विषय बदलायला फाटकावरची पाटी मोठ्याने वाचली. लुंबिनी. आई जागच्या जागी थांबली. ज्या गावात बुद्ध जन्मला त्या गावाचं नाव दर पौर्णिमेला विहारात ऐकलेलं. तिने पायातल्या चपला काढल्या.

"आई, ही बाग आहे," मी म्हणाले. "विहार नाही. आत पाळणे आहेत."

"नाव काय हाय?"

"लुंबिनी."

"मंग काढ चपला."

 मीही काढल्या. आईने चारही चपला भिंतीशी ओळीने, टाचेला टाच लावून ठेवल्या आणि पदर डोक्यावर घेऊन ती आत शिरली. आत कारंजं होतं, घसरगुंडी होती, भोंग्यावर सिनेमाची गाणी चालू होती, पोरं पॉपकॉर्न सांडत धावत होती. त्या सगळ्यातून आई हात जोडून अनवाणी चालत होती. ऊन तापलं होतं आणि फरशी पायाला चटके देत होती. लोक वाट सोडत होते. मला वाटलं, बरे आहेत लोक, वाट देतात.

बोटीत समोरच्या बाकावर एक नवी नवरी बसली होती, हातभर हिरव्या बांगड्या, हळद अजून अंगावर. शेजारी तिची सासू. आई त्यांच्या समोर बसली तशी सासूने सुनेच्या कोपराला धरून तिला उठवलं आणि मागच्या बाकावर नेऊन बसवलं. सून बिचारी मागे वळून बघत राहिली. बोट निघाल्यावर ती सासू माझ्याजवळ सरकली आणि हळूच विचारलं, वडील कधी गेले?

मी म्हणाले, गेले नाहीत, दवाखान्यात आहेत.

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. फूलवालीच्या हिसक्यापेक्षा तो हात मला जड गेला. फूलवालीला शिव्या तरी देता आल्या असत्या. ही बाई चांगली होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती माझ्या जिवंत बापासाठी रडत होती.

मी आईकडे वळले तर ती माझ्याकडेच बघत होती.

"मले रांडव समजून राह्यले ना हे लोक?"

मी कानावर हात ठेवणार होते. पण तिने मला तेवढी सवड दिली नाही. "मले तेलगू येत नाई," ती म्हणाली, "पन तोंडं तं दिसतेत मले. फुलवालीपासून पाहून राह्यली मी."

"पोत घाल ना मग गळ्यात. गाठ सोडते मी."

तिने पदराचं टोक मुठीत धरलं. "आता घालू? येवढ्या लोकायसमोर? हे पाहा, माहा नवरा हाय म्हनून दाखवू? मी कोनाले दाखवासाठी घालत नाई." आणि ती मान फिरवून पाण्याकडे बघत बसली. बोट खडकाला लागेपर्यंत तिची मूठ सुटली नाही.

खडकावर उतरलो. जवळून तो इतका मोठा होता की आधी फक्त पायच दिसले. आईने शेवंती ठेवली, गुडघे टेकले, हलक्या आवाजात त्रिशरण-पंचशील म्हटलं. तिच्या मागे एक घोळका फोटोसाठी रांग करत होता. तिने मेणबत्ती काढली. वाऱ्याने काडी विझली, दुसरीही विझली. तिसरी ओढणार तेवढ्यात राखणदाराची शिट्टी वाजली, इथे पेटवायचं नाही. तिने मेणबत्ती न पेटवताच फुलांशेजारी आडवी ठेवली.

मग ती डाग शोधायला लागली. आधी समोरून, मग बाजूने, मग मागून. मान वर करून एवढा वेळ बघत राहिली की पदर डोक्यावरून घसरला. लोक तिच्याकडे बघत होते आणि आता तिला त्याचं काही नव्हतं. शेवटी तिने माझं मनगट धरलं आणि बोट दाखवलं. पायांच्या थोडं वर, चिवराच्या घडीला, दगडावर एक काळपट पट्टा होता. पाण्याचा होता, पावसाचा होता की दगडाच्या अंगचाच होता, मला सांगता येणार नाही. पण होता.

"दिसते ना?"

"दिसतो."

"मंग काय सांगू त्यायले?"

मला कळलं ती काय विचारते आहे. बाबांनी तिला दगडाबद्दल विचारलंच नव्हतं. घशाला गाठ आल्यापासून त्यांना सगळ्यांनी, वर याल, स्वच्छ बाहेर याल, असंच सांगितलं होतं. बाबांनी प्रश्न फिरवून आईच्या हातात दिला होता. आता तिला परत जाऊन उत्तर द्यायचं होतं.

"नाही म्हण," मी म्हणाले. "मामाने काय ठरवलंय ते माहीत आहे ना?"

 बोटीचा भोंगा वाजला.

बागेच्या फाटकापाशी आलो तर भिंतीशी चपला नव्हत्या. चारही गेल्या होत्या. आई भिंतीकडे थोडा वेळ बघत राहिली, जणू कोणी परत आणून ठेवेल. मग अनवाणीच आम्ही बस धरली. बसमध्ये एका म्हाताऱ्याने उठून आईला जागा दिली. आईने ती घेतली आणि त्याच्याकडे पाहिलं नाही.

दवाखान्याच्या फाटकावर एक राखणदार होता. त्याचं आणि माझं रोज पासावरून वाजायचं. पास दाखवला तरी म्हणायचा, हा कालचा आहे, वेळ संपली, एकच माणूस आत. त्या संध्याकाळी मी भांडायच्या तयारीनेच गेले. तो आईकडे बघून उठून उभा राहिला. पास मागितला नाही. "अटु, अम्मा," एवढंच म्हणाला आणि हाताने इमारतीच्या मागची बाजू दाखवली. त्याचा एवढा मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं पुढचा जिना धुवायला काढला असेल, म्हणून मागून जायला सांगतोय.

मागे एक कडुनिंब होता आणि त्याच्याखाली बैठं घर, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत काही माणसं जमिनीवर बसली होती.  जिना कुठे दिसेना. दारात एक माणूस उभा होता, त्याने मला वॉर्ड विचारला, पेशंटचं नाव विचारलं. मी सांगितलं. तो आत डोकावला, परत आला आणि मान हलवली.

"इंका रालेदु."

अजून आलेले नाहीत.

मी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. चादरी दिसल्या, चादरींतून बाहेर आलेले पाय दिसले, आणि मी दाराची चौकट धरली.

"काय म्हने तो?" आईने विचारलं.

दिवसभर मी तिला खोटं सांगत आले होते, आणि त्या दारात मला एकही खोटं सुचलं नाही. "अजून आले नाहीत म्हणतो," मी म्हणाले.

आईने पडवी पाहिली. आत पाहिलं. मग माझं मनगट धरून ती जी पळत सुटली, तशी आईला पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. साडीचे काठ दुसऱ्या हाताने वर धरून, अनवाणी, जिन्यावरच्या माणसांना ढकलत. आजही त्या पळण्याची आठवण आली की त्या शहरावर माझं पित्त खवळतं. कोणी मुद्दाम वाईट वागलं नव्हतं, हे मला कळतं. त्याने राग कमी होत नाही.

बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. मामा पायाशी पेपर वाचत होता. आम्हाला बघून बाबांनी मांडीवरची पाटी उलटी करून दाखवली. आधीच लिहून ठेवलं होतं. 'डाग?'

आई खाटेच्या कडेला बसली. तिला दम लागला होता. मामा पेपर घडी करत म्हणाला, "पाह्यला ना बाई? झाक दिसते ना? काई डागबिग नाई त्याले, मी पाह्यला हाय." आणि बाबांच्या आडून त्याने तिला डोळ्याने खुणावलं.

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"हाय," ती म्हणाली. "डाग हाय. पायाच्या वर. वर काढला, उभा केला, पन गेला नाई."

"बाई!" मामा ओरडला.

बाबांनी त्याला हाताने थांबवलं. तळहाताने पाटी पुसली. खडू हातात घेऊन एकच अक्षर लिहिलं. आईला ते वाचायला बोट लागलं नाही.

'मी?'

"तुमी बरे होनार नाई," आई म्हणाली. "डाक्टरनं पोरीले कवाच सांगतलं. आमी तुमाले सांगत नोतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दिवसभर त्या शहराने आईला विधवा करून फिरवलं होतं, शेवटी नवऱ्याला न्यायच्या दारातही नेऊन उभं केलं होतं. आता तिच्यात खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. मामा भिंतीकडे तोंड करून रडायला लागला, अगदी मोठ्याने. सगळ्यांत हिमतीच्या गोष्टी करणारा तोच आधी फुटला.

बाबा रडले नाहीत. मला वाटतं त्यांना बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी कोणी सरळ बोललं होतं. त्यांनी लिहिलं, 'घर'. मग आईच्या पायांकडे त्यांचं लक्ष गेलं. पाय धुळीने काळे झाले होते, एका अंगठ्यातून रक्त आलं होतं. त्यांनी 'घर'च्या खाली लिहिलं, 'चपला?'

"लुंबिनीत काढल्या," आई म्हणाली. "कोनी नेल्या."

नळीतून शीळ वाजली. ते हसत होते. त्यांनी तिच्या गळ्याकडे बोट दाखवलं. तिने पदराची गाठ सोडली आणि पोत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तिच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला, पण बोटांना फासा लागेना. मग मी लावला.

आम्ही त्यांना गावी नेलं. शाळेची पोरं अंगणात येऊन बसायची, ते पाट्या तपासायचे, चुकीच्या अक्षरावर टिचकी मारायचे. त्या दिवसांत त्यांनी कोणाला काही विचारलं नाही आणि आम्हाला त्यांच्यापासून तोंड लपवावं लागलं नाही. वेदना होत्या, त्या शेवटी फार होत्या, त्याबद्दल मी लिहिणार नाही. शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या त्या सुमारास ते गेले.

आमच्याकडे मयतीलाही सगळे पांढऱ्यात जातात. विहारातल्या बायका जमल्या, आणि त्यांतल्या सगळ्यात मोठ्या बाईने आईची निळ्या काठाची साडी पेटीतून काढून तिच्यापुढे धरली. आईने ती बाजूला सारली. पेटीत हात घालून तिने हिरवी काढली, बाबांनी तिला पहिल्या पगारात घेतलेली.

"पांढरं काऊन नाई वं?" म्हातारीने विचारलं.

"पांढरं मी त्यायच्या जित्यापनीच नेसून आली," आई म्हणाली. "साऱ्या शहरानं पाह्यलं. आता हे नेसते."

 बाबांना उचललं तेव्हा ती तिरडीच्या मागे चालायला लागली. पुढे-मागे सगळं पांढरं, मधे ती एकटी हिरवी. वाटेवर शेजारच्या गावची एक नवी नवरी सासरी निघाली होती. हिरव्या साडीतल्या आईला पाहून ती थांबली, जवळ आली आणि वाकून तिच्या पाया पडली. तिला कोणी मागे ओढलं नाही.